कोल्हापूर मोबाइलमध्ये का मावत नाही? तांबडा-पांढरा, रंकाळा आणि पाच इंद्रियांमागचे विज्ञान

कोल्हापूरला आलेला पाहुणा परतताना दोन गोष्टी हमखास घेऊन जातो: मोबाइलभर फोटो आणि कांदा-लसूण चटणीचे पाकीट. घरी गेल्यावर दोन्ही उघडले जातात. चटणी तीच असते, मटणही ताजे असते, कृती व्हिडिओत पाहून जशीच्या तशी केलेली असते. तरीही पहिला भुरका मारल्यावर कुणीतरी म्हणतेच, ‘चांगलं झालंय, पण तिथली मजा नाही.’ मग नेमके कमी काय पडते?

उत्तराचा बराचसा भाग मसाल्याच्या डब्याबाहेर आहे. जीभ, नाक, त्वचा, कान आणि डोळे यांच्याकडून येणारे निरोप मेंदू एकत्र करतो आणि त्या बेरजेलाच आपण ‘चव’ किंवा ‘मजा’ म्हणतो. कोल्हापूरच्या बहुतेक नावाजलेल्या गोष्टी त्या जागी, त्या वेळी, गरम किंवा ताज्या असतानाच घेण्यासाठी घडलेल्या आहेत. एखादे इंद्रिय वजा झाले की बेरीज बदलते. ती कशी, हे समजून घेऊया.

तिखट ही चवच नाही, मग ते काय आहे?

विज्ञानाच्या यादीत मूळ चवी पाच आहेत: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी. उमामी म्हणजे मटणाचे पाणी, टोमॅटो, मशरूम यांत जाणवणारी, तोंडभर पसरणारी चव. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये ती वेगळी ओळखली. या यादीत तिखट नाही. आयुर्वेदाच्या सहा रसांत मात्र तिखटाला ‘कटु’ या नावाने जागा आहे.

मिरचीतला झणझणीतपणा कॅप्सेसिन या घटकामुळे येतो. तोंडातील मज्जातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचा एक ग्राहक असतो. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता लागली की धोक्याची सूचना देणे हे त्याचे काम. कॅप्सेसिन नेमके यालाच जाऊन चिकटते आणि तोंड थंड असतानाही ‘भाजते आहे’ असा निरोप मेंदूला जातो. म्हणून घाम फुटतो, नाक वाहते, डोळ्यांत पाणी येते. अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये हा ग्राहक शोधला. स्पर्श आणि उष्णतेच्या संवेदनांवरील संशोधनासाठी त्यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापूटियन यांच्यासह मिळाले.

आता वाफाळता तांबडा रस्सा डोळ्यांसमोर आणा. त्याची उष्णता आणि मिरचीचे कॅप्सेसिन दोन्ही एकाच ग्राहकाला जागे करतात आणि एकमेकांचा जोर वाढवतात. तोच रस्सा कोमट झाला की मिरची तेवढीच असूनही तो मवाळ वाटतो.

रंगाचाही यात वाटा आहे. रश्शावरचा लालभडक तवंग पाहूनच नवखा माणूस पाण्याचा ग्लास जवळ ओढतो. पण लाली आणि तिखटपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. ब्याडगी मिरची रंगाला भरपूर आणि तिखटाला बेताची, म्हणूनच चटणीत तिच्यासोबत जास्त तिखट मिरच्या मिसळल्या जातात. डोळे आधी घाबरतात, जिभेचा निकाल नंतर येतो.

तांबड्याच्या शेजारी पांढरा रस्सा का असतो?

ताटातली ही जोडी केवळ रंगसंगतीसाठी नाही. पांढऱ्या रश्शाचा पाया म्हणजे मटण शिजवलेले अळणी पाणी. त्यात नारळाचे दूध, खसखस, तीळ किंवा काजूचे वाटण आणि वेलची-दालचिनीसारखा खडा मसाला येतो. कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळते. त्यामुळे तांबड्याने तोंड पेटल्यावर घटाघटा पाणी पिऊन उपयोग होत नाही. नारळाच्या दुधातील स्निग्धांश मात्र ती आग थोडी उचलून घेतो. दूध-दह्यातील केसिन हे प्रथिनही असेच काम करते.

म्हणून जाणकार माणूस तांबडा-पांढरा आलटून पालटून पितो. एका वाटीतून आग, दुसरीतून उतारा आणि पुन्हा आग. पांढरा रस्सा अळणी असतो असे समजण्याचे कारण नाही. त्यातल्या मिऱ्याचा झटका घशाशी लागतो, कारण मिऱ्यातील पायपरिन हा घटकही त्याच ग्राहकाला चाळवतो.

पांढऱ्या रश्शाला एक अट असते. नारळाचे दूध घातल्यावर तो रटरटा उकळला की फुटतो. त्यामुळे तो मंद आचेवर ठेवून लगेच वाढला जातो. वारंवार गरम करणे त्याला मानवत नाही, आणि इथूनच पार्सलची अडचण सुरू होते.

पार्सल घरी आणल्यावर चव का उतरते?

याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण वासाचे. आपण ज्याला चव म्हणतो त्याचा मोठा भाग प्रत्यक्षात वास असतो. घास चावताना त्याचा सुगंध घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढतो. सर्दी झाल्यावर जेवण पाणचट लागते ते यामुळेच. कोरोनाच्या काळात वास गेलेल्या अनेकांनी हा अनुभव घेतला. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या ग्राहकांचे सुमारे ४०० प्रकार आहेत. या ग्राहकांचा शोध लावणाऱ्या रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चे नोबेल मिळाले. पदार्थ गरम असताना सुगंधी घटक भराभर उडतात आणि नाकापर्यंत पोहोचतात. डबाबंद रस्सा निवत जातो, तशी ही वाहतूक मंदावते.

रस्सा ओरपण्यामागेही हेच शास्त्र आहे. वाटी तोंडाला लावून ‘सुर्रर्र’ आवाज करताना रश्शाबरोबर हवा आत जाते आणि सुगंध नाकाकडे ढकलला जातो. चहाच्या कंपन्यांतील चव-परीक्षकही चमच्यातला चहा असाच आवाज करत ओढतात. कोल्हापुरी पंगतीत ज्याला कुणी गावंढळपणा म्हणेल, ती चव घेण्याची पक्की पद्धत आहे.

दुसरे कारण स्निग्धांशाचे. मटणाची चरबी थंड होताच थिजते, जिभेवर आणि टाळूवर थर बसतो आणि बाकीच्या चवी झाकल्या जातात.

तिसरे कारण आवाजाचे. कोल्हापुरी मिसळ घ्या. मोड आलेली मटकी, वर फरसाण, कांदा आणि शेजारी कटाचे भांडे. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला पावाऐवजी स्लाइस ब्रेड पाहून नवल वाटते, पण कट शोषून घ्यायला तो चोख असतो. मिसळीची गंमत पहिल्या काही मिनिटांत असते: खाली गरम कट, वर कुरकुरीत फरसाण. ऑक्सफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना बटाट्याचे वेफर्स खाताना स्वतःच्याच चावण्याचा आवाज हेडफोनवर ऐकवला. आवाजातील तीव्र भाग वाढवला की तेच वेफर्स लोकांना अधिक ताजे आणि कुरकुरीत वाटले. म्हणजे कुरकुरीतपणा कानानेही खाल्ला जातो. कट आधीच ओतून बांधून आणलेल्या मिसळीत तो आवाज वाटेतच संपलेला असतो. पार्सल घ्यायचेच असेल तर कट, मटकी आणि फरसाण वेगवेगळे बांधून घ्या. कट घरी पुन्हा उकळा आणि फरसाण अगदी शेवटी घाला.

धारोष्ण दूध आणि गूळ: ताजेपणाची चव किती वेळ टिकते?

संध्याकाळी गंगावेशीत किंवा मिरजकर तिकटीला गेल्यास कोल्हापूरचा दूध कट्टा दिसतो. म्हशी थेट कट्ट्यावर आणल्या जातात, गिऱ्हाइकासमोर धार काढली जाते आणि फेसाळ दुधाचा ग्लास हातात येतो. तालमीतल्या पैलवानांच्या या शहरात ही सवय मुरलेली आहे. ग्लासाची ऊब म्हशीच्या अंगाची असते. फेस ओठाला लागतो. त्यात साखर घालावी लागत नाही, कारण कोमट पदार्थातली गोडी जिभेला जास्त जाणवते.

इथे सावधगिरीही हवी. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस, क्षयरोग यांसारखे आजार पसरू शकतात. गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी दूध उकळूनच प्यावे, असा वैद्यकीय सल्ला असतो. कट्ट्यावरचे दूध घरी नेऊन उकळले तरी ताजेपणाची गोडी बरीचशी राहते.

दुसरा अनुभव गुऱ्हाळाचा. उसाचा हंगाम सुरू झाला की करवीर, पन्हाळा, कागल परिसरात काहिली तापू लागतात. भेंडीच्या चिकट पाण्याने रसातील मळी वर आणून काढली जाते, चिपाडाच्या जाळावर रस आटतो आणि हवेत भाजक्या गोडीचा वास भरतो. गूळ कधी उतरवायचा हे गुळव्या फेसाचा रंग आणि बुडबुड्यांचा आकार पाहून ठरवतो. पाक थेंबभर पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी दाबून पाहतो. त्याची बोटे आणि डोळे हेच इथले थर्मामीटर.

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण याच गुळात डोळ्यांनी बाकीच्या इंद्रियांवर कशी कुरघोडी केली, तेही दिसते. बाजारात पिवळाधमक गूळ आकर्षक वाटतो. तो रंग आणण्यासाठी काही ठिकाणी हायड्रोससारखी रसायने वापरली जातात. रसायनाविना केलेला गूळ साधारणपणे गडद तपकिरी असतो. त्यामुळे गूळ घेताना एक खडा तोंडात टाकून आणि वास घेऊन निवड करणे शहाणपणाचे.

फिरणे म्हणजे फक्त पाहणे का?

कोल्हापुरात फिरायला जायचे म्हणजे रंकाळा. पश्चिमेच्या काठाला १९३० च्या दशकात बांधलेला शालिनी पॅलेस, संध्यामठ, मावळतीचा सूर्य, या सगळ्याचे फोटो उत्तम येतात. पण रंकाळ्याची संध्याकाळ ज्यांना आठवते, त्यांना आधी आठवतो पाण्यावरून येणारा गार वारा, भाजलेल्या कणसाचा वास, भेळवाल्याच्या उलथन्याचा ठोका. वासाच्या आठवणी एवढ्या पक्क्या का? नाकातून येणारे संदेश मेंदूतील भावना आणि स्मृतींच्या केंद्रांशी इतर इंद्रियांपेक्षा जास्त थेट जोडलेले असतात.

खासबाग मैदान हे आणखी एक उदाहरण. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोममधील मैदान पाहिले आणि त्या धर्तीवर १९१२ मध्ये हे कुस्ती मैदान उभे राहिले. मधला हौदा खोलगट आणि भोवती चढत जाणारी बैठक, त्यामुळे मागच्या प्रेक्षकालाही डाव दिसतो. लाल मातीत ताक, तेल, हळद, कापूर, लिंबू मिसळतात. तिचा वास, शड्डूचा आवाज आणि हलगीचा ताल हे टीव्हीवर जेमतेम अर्धे पोहोचते. शेजारचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले, तेव्हा शहर का हळहळले हे यातून कळते. वास्तू पुन्हा उभारता येते. जुन्या लाकडी रंगमंचाचा घुमारा मात्र पिढ्यांच्या कानात बसलेला असतो.

कोल्हापुरी चपलेचेही तसेच. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे, खिळ्यांशिवाय चामड्याच्याच वादीने घातलेली शिलाई आणि चालताना येणारी करकर. सुरुवातीचे काही दिवस ती पायाला टोचते, मग पायाचा आकार घेते. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी तिला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या मिलानमधील शोमध्ये तिच्यासारख्या चपला झळकल्या आणि वाद पेटला. नंतर कंपनीने भारतीय पारंपरिक चपलांची प्रेरणा असल्याचे मान्य केले. चपलेचा आकार फोटोवरून सांगता येतो. तिची करकर आणि पायाशी जमलेले तिचे नाते फोटोत दिसत नाही.

किरणोत्सव वर्षातून दोनदाच का होतो?

अंबाबाई मंदिराचा किरणोत्सव हा डोळ्यांचा सोहळा आहे आणि त्यामागे साधी भूमिती आहे. मंदिर पश्चिमाभिमुख आहे. मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात आणि देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढत जातात. परंपरेने यासाठी ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी हे दिवस धरले जातात.

हेच दिवस का? सूर्य वर्षभर क्षितिजावर एकाच ठिकाणी मावळत नाही. तो २१-२२ डिसेंबरपर्यंत दक्षिणेकडे सरकतो आणि तिथून परत फिरतो. १० नोव्हेंबर हा त्या दिवसाच्या सुमारे ४० दिवस आधी आणि १ फेब्रुवारी सुमारे ४० दिवस नंतर येतो. म्हणजे जाताना आणि येताना सूर्य क्षितिजावरच्या जवळपास त्याच बिंदूला मावळतो. मंदिराची दिशा त्या बिंदूशी जुळलेली आहे. मात्र ढग, धूलिकण किंवा किरणांच्या वाटेतील बांधकामे यांमुळे काही वर्षी किरणे मुखापर्यंत पोहोचत नाहीत. काही मिनिटांचा हा क्षण टिकवायचा तर शहराला एक वाट मोकळी ठेवावी लागते.

मोबाइलमुळे मजा कमी होते का?

याचे उत्तर सरसकट ‘हो’ असे नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संग्रहालयातील वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांना त्या वस्तू नुसत्या पाहणाऱ्यांपेक्षा कमी आठवल्या. पण एखादा भाग झूम करून टिपला तेव्हा हा तोटा झाला नाही. २०१६ मधील दुसऱ्या एका संशोधनात फोटो काढणारे लोक अनुभवात जास्त गुंतले आणि त्यांना मजाही जास्त आली. २०१७ च्या अभ्यासाने यातला दुवा दाखवला: फोटो काढणाऱ्यांना पाहिलेले जास्त आठवते, ऐकलेले कमी.

म्हणजे कॅमेरा लक्ष डोळ्यांकडे वळवतो आणि त्याची किंमत कान मोजतात. खातानाही तसेच होते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की डोक्याला दुसरे काम लावले की लोकांना गोड, आंबट, खारट चवी फिक्या लागतात आणि ते जास्त गोड किंवा खारट पदार्थ मागतात. रील पाहत जेवणाऱ्याला आमटीत मीठ कमी वाटते, त्यामागे हेही कारण असू शकते. मोठ्या आवाजाचाही असाच परिणाम होतो. गोंगाटात गोड आणि खारट चव दबते.

खरा धोका कशाला आहे?

नाकाला सवय फार लवकर लागते. कोणताही वास काही मिनिटांत जाणवेनासा होतो. त्यामुळे चटणी कांडपाजवळ राहणाऱ्याला मसाल्याचा घमघमाट कळत नाही. सांडपाणी मिसळून रंकाळ्याचे पाणी हिरवे पडते, पंचगंगेला दुर्गंधी येते, तेव्हा रोज तिथून जाणाऱ्यालाही ती हळूहळू खुपेनाशी होते. चांगला वास सवयीने हरवतो आणि वाईट वासाची तक्रारही सवयीनेच थांबते.

कानांचेही तसेच आहे. निवासी भागासाठी कायद्याने दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मिरवणुकीतील डॉल्बीच्या भिंतीसमोर ही मर्यादा कुठल्या कुठे राहते. कानातील सूक्ष्म केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हलगीचा बारकावा ऐकू येणे हे त्या पेशींच्याच हातात आहे.

म्हणून इंद्रियांनी अनुभव घेणे ही केवळ हौस नाही. ज्याला रंकाळ्याचा गार वारा माहीत आहे, त्यालाच तिथली दुर्गंधी खटकते. ज्याने गुऱ्हाळावरचा तपकिरी गूळ चाखला आहे, तो पिवळ्या रंगाला सहज भुलत नाही.

पुढच्या वेळी काय कराल?

१. पहिले पाच घास मोबाइलशिवाय खा. फोटो काढायचाच असेल तर एकच, तोही जवळून आणि खाण्याआधी.

२. रस्सा गरम असतानाच ओरपा. तोंड भाजले तर पाण्याऐवजी पांढरा रस्सा, दही किंवा ताक घ्या.

३. एखाद्या घासाला नाक चिमटीत धरा आणि चावताना सोडा. चवीत वासाचा वाटा किती, हे लगेच कळेल. मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

४. रंकाळ्यावर पाच मिनिटे डोळे मिटून बसा. किती वेगवेगळे आवाज आणि वास येतात ते मोजा. नको असलेला वास आला तर तोही मोजा आणि महापालिकेकडे तक्रार करा.

५. पहिल्या पावसात पन्हाळा किंवा गगनबावड्याला जाणार असाल तर गाडीच्या काचा खाली घ्या. मातीच्या त्या वासाला कारण असलेला जिओस्मिन हा घटक माणसाचे नाक अतिसूक्ष्म प्रमाणातही ओळखते.

६. सर्दी किंवा कोरोनानंतर वास कमी झाला असेल तर डॉक्टरांना विचारून ‘वासाचा सराव’ करता येतो. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी यांचा वास दिवसातून दोनदा, किमान तीन महिने लक्षपूर्वक घ्यायचा असतो. जर्मन संशोधकांनी २००९ मध्ये मांडलेली ही पद्धत आता जगभर वापरली जाते.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत. थोडा वेळ लागतो आणि खिशात ठेवलेला मोबाइल काही मिनिटे खिशातच राहू द्यावा लागतो.